व्हय म्हणणारी वाडी

"मी विचारलं होतं की नाही? अहो, बोला ना! सगळ्यांसमोर, एकेकाच्या तोंडाकडे बघून विचारलं होतं की नाही?"

तात्या ओरडत होते. एका हातात शेंडीचा नारळ, दुसऱ्या हातात धोतराचा सोगा, आणि पाय घोट्यापर्यंत राखेत. तात्यांचा आवाज म्हणजे काही साधा आवाज नव्हे. लोणावळ्याच्या फलाटावर ते हमालाला हाक मारत, तेव्हा खंडाळ्याला थांबलेली मालगाडी आपल्यालाच सिग्नल मिळाला असं समजून निघायची. त्या दिवशी उंबरमाळावर त्यांनी जो आवाज लावला, त्यानं कड्यावरची वानरं घाबरून खाली कोकणात उतरली आणि तिकडेच संसाराला लागली, असं वाडीतली माणसं अजून सांगतात. सांगत नसतील तर मी सांगतो. कोणीतरी सांगायला हवंच.

समोर आमच्या केंद्राची जागा होती. म्हणजे त्या सकाळपर्यंत आम्ही तिला केंद्राची जागा म्हणत होतो. तिथे भूमिपूजन व्हायचं होतं, वडगावहून आणलेले दोन गवंडी पाया आखणार होते. आणि ती जागा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत शांतपणे जळत होती. ज्वाळा नाहीत, नुसता धूर. जाड, निळसर, शेणाचा आणि ऐनाच्या पानांचा वास असलेला. कडेकडेनं एक बाई हातात ओली डहाळी घेऊन चालत होती आणि आग जिथे हद्द ओलांडू बघेल तिथे तिला हलकेच थोपटत होती, झोपेत कूस बदलणाऱ्या मुलाला थोपटावं तशी. ती भागूबाई. जमीन तिची, आग तिनं लावलेली, आणि हीच जमीन केंद्राला द्यायला तयार झालेलीही तीच.

होळीच्या आगेमागे लोणावळ्याच्या पाठीमागच्या डोंगरांवर धुराच्या रेघा चढू लागल्या, की आमच्या घरात दोन गोष्टी होतात. बायको दोरीवरचे कपडे काढते, आणि मला तात्या आठवतात. हवापालटाला आलेले मुंबईकर बंगल्याच्या गच्चीतून बोट दाखवून विचारतात, "मास्तर, वणवा लागलाय का हो?" मी म्हणतो, "छे, डोंगर जेवण करून विडी ओढतोय." त्यांना ते पटतं. शाळामास्तराचं कोणीतरी ऐकतंय याचा मलाही आनंद होतो.

वणवा नव्हे तो, राब. भाताचं रोप वाटेल तिथे धरत नाही. मावळातल्या डोंगरात प्रत्येक घराची त्यासाठी एक जागा ठरलेली असते, जराशी उंच, सपाट, पाणी न साचणारी, घराजवळची. थंडी सरली की गडी ऐनाच्या झाडांवर चढून फांद्या उतरवतात. जमिनीवर शेण पसरायचं, त्यावर फांद्या, त्यावर पाचोळा, सगळ्यांत वर बारीक मातीचा थर, आणि वाऱ्याच्या उलट अंगानं विस्तव लावायचा. दिवसभर ते धुमसतं. तण जळतं, किडा जळतो, राहते ती राख आणि भाजलेली माती. पावसाच्या तोंडावर त्यात बी पडतं, आणि तिथलं रोप उपटून सगळ्या खाचरांत लावतात. भागूबाईचा नवरा कधीच गेलेला; घरात सासू आणि दोन पोरं. राब गेला तर रोप गेलं, रोप गेलं तर भात गेला, आणि भात गेला की थोरल्या पोराला कुणाच्या तरी गोठ्यावर गुरं राखायला धाडायचं. तळहाताएवढ्या त्या तुकड्यावर तिचं सगळं घर उभं होतं.

पण पौषात, हे काही सुरू व्हायच्या आधी, तोच तुकडा कसा दिसतो म्हणाल? झाडून लख्ख केलेलं अंगण. दगड नाही, झुडूप नाही, समोर दरी, अंगावर वारा. शहरातल्या भल्या माणसाला तो दिसल्याबरोबर एकच गोष्ट सुचते, की इथे काहीतरी बांधावं.

तात्या शहरातले होते, आणि फार भले होते. पाटबंधाऱ्यातून निवृत्त होऊन त्यांनी पुण्यात एक मंडळ काढलं होतं. मंडळ म्हणजे तात्या, तात्यांची छत्री, आणि सुट्टीच्या दिवशी मी. त्यांची एकच गोष्ट पक्की होती: लोकांना विचारल्याशिवाय लोकांचं भलं करायचं नाही. त्या काळात हे बोलणंसुद्धा धाडसाचं होतं. कारण तेव्हा विकासाची जीप निघायची, आणि ज्या गावाशी पंक्चर होईल त्या गावाचा विकास व्हायचा. एका गावाला कोंबड्या दिल्या, ते सगळं गाव माळकऱ्यांचं निघालं. त्या कोंबड्या म्हाताऱ्या होऊन आपल्या मरणानं मेल्या, आणि शेवटी शेवटी त्याही एकादशीला दाणा टिपेनाशा झाल्या होत्या. दुसऱ्या एका वाडीला बिनधुराच्या चुली दिल्या. धूर गेला, आणि छपराच्या लाकडात किडा आला. असलं काही ऐकलं की तात्या रडकुंडीला येत. "विचारलं का हो कोणी? एका शब्दानं विचारलं का?" असं ते मलाच विचारत, जसं काही सगळ्या महाराष्ट्राच्या कोंबड्या मीच वाटत फिरत होतो.

म्हणून आम्ही विचारायला गेलो. भुशीच्या पुढे पायवाट रानात शिरते ती जी चढते, ती माणसाचा सगळा अहंकार उतरवून मगच वर सोडते. करवंदीच्या जाळ्या, वाळलेल्या ओढ्यातले पांढरे गोटे. तात्या मात्र छत्री काखेत मारून असे चालत, की त्यांची सावली दम खायला मागे बसायची. वर कड्यापाशी महादेव कोळ्यांची ती वाडी, उंबरमाळ. घरं एवढी थोडी, की एका घरात फोडणी दिली तर सगळ्या वाडीला ठसका लागावा.

वाडीचे म्हातारे चिंधूआबा यांनी आपल्या ओसरीवर घोंगडी अंथरली आणि आम्हाला तिच्यावर बसवलं. गुळाचा काळा चहा आला. सगळी वाडी अंगणात उकिडवी बसली. तात्यांनी घसा साफ केला आणि, खोटं कशाला बोलू, त्यांनी इतकं नेमकं, इतकं प्रेमानं विचारलं, की मुलगी बघायला आलेल्या मंडळींनीही त्यांच्याकडून शिकावं.

"आबा, आठवड्याला औषधाची पेटी घेऊन आमचा माणूस इथे आला तर?"

"व्हय."

"बायकांना शिवण शिकवलं तर?"

"व्हय, व्हय."

"लहान पोरांना बालवाडी?"

"व्हय तर!"

"आणि या सगळ्यासाठी केंद्र म्हणून एक पक्की खोली बांधली तर?"

"लय ब्येस व्हईल."

तात्यांना जरा शंका आली. आली, हे त्यांच्या बाजूनं नमूद करतो. "हे बघा, नको असेल तर नको म्हणा. मनात ठेवू नका."

"व्हय. न्हाई ठेवत."

"ही समोरची सपाट जागा कोणाची?"

"माजी हाय," मागून भागूबाई म्हणाली.

"केंद्राला द्याल का?"

तिनं आबांकडे बघितलं. मग घोंगडीकडे. मग तात्यांच्या हातातल्या पेल्याकडे. "घ्या की," ती म्हणाली. "चा घ्या अजून."

मला तर वाटलं, जाता जाता विचारावं, की आबा, इथे एक समुद्र आणून ठेवला तर चालेल का. पण भीती वाटली. व्हय म्हणाले असते, आणि तात्यांनी आणला असता.

उन्हं कलली. तात्यांना पुण्याची पॅसेंजर गाठायची होती. ते उठले तसे आबाही उठले, मुंडासं बांधलं, काठी घेतली. "चला, पोचवतो." तात्या म्हणाले, "छे छे आबा, तुम्ही कशाला त्रास घेता?" आणि सुटलेच. मी त्यांच्या मागे धावतोय, आबा माझ्या मागे धावतायत, मागून "आवो, थांबा! आवो तात्या!" अशा हाका येतायत, आणि तात्या वळून हात हलवून "येतो, येतो!" म्हणतायत. इतकी माया करणारी माणसं आपण पाहिली नाहीत, असं ते गाडीत बसेपर्यंत म्हणत होते.

हे सगळं सांगताना माझ्या डोळ्यांसमोर येतो तो मात्र त्यानंतरचा महिना. त्या महिन्यात डोंगर चालायला लागतात. खोटं वाटत असेल तर माघात जाऊन बघा. डोक्यावर ऐनाच्या फांद्यांचे भारे घेतलेल्या बायका रानातून उतरतात. भारे एवढे, की खाली बाई आहे हे फक्त पावलांवरून कळतं. झुडपांची एक रांगच्या रांग बोलत, हसत, एकमेकींच्या सासवांना नावं ठेवत टेकडी उतरते. माझ्या वर्गात बसणाऱ्या पोरांच्या केसांना धुराचा वास यायचा. तपासलेल्या वह्यांनाही. माझ्या डब्यातल्या पोळीलाही. त्या दिवसांत तोंडानं काही विचारायची गरजच नसते; कोण काय करतंय आणि कशाच्या तयारीत आहे, ते नाकानं कळतं. आम्ही मात्र तोंडानं विचारून आलो होतो, आणि उत्तर घेऊन निश्चिंत बसलो होतो.

तर, आता पुन्हा राखेत येतो. तात्यांना वर धूर दिसला तेव्हा ते धावत सुटले आणि थेट तुकड्याच्या एका भाजून झालेल्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. राख वरून निवलेली, आतून कढत. तात्या ओरडण्यात एवढे गुंतले होते, की आपली चप्पल वितळते आहे हे त्यांना कळायला सगळ्यांत उशीर झाला. आधी मला कळलं, मग गवंड्यांना, मग कुत्र्यांना.

"तुमी इचारलं व्हतं," आबा म्हणाले. "आमी व्हय म्हनलो व्हतो."

"मग?"

"मंग काय?"

"मग ही आग कसली?"

"राबाची," आबा म्हणाले, जणू काही कोणी त्यांना सूर्य कुठून उगवतो असं विचारलं होतं.

त्याच दिवशी दुपारून केंद्राला पैसे देणारे, वडगावच्या कचेरीतले साहेब पाया बघायला येणार होते. पाया दिसला नाही, तर आमचं केंद्र त्यांनी खाली सडकेकाठच्या एका गावाला द्यायचं ठरवलं होतं. हे गवंड्यांनाही ठाऊक होतं. त्यातला थोरला गवंडी पुढे झाला. "तात्या, चार घागरी मारल्या की इझतंय. दुपारपत्तुर पाया खांदून देतो." आणि त्यानं आबांच्या दारातली घागर उचललीसुद्धा.

भागूबाईची डहाळी थांबली.

तात्या तिच्याकडे वळले. आवाज खाली आला. "भागूबाई, तुमचं काय म्हणणं आहे?"

ती खाली बघत होती. सासू दारात उभी होती, थोरला पोरगा तिच्या पदराआडून बघत होता. "तुमच्या मनात आसंल तसं करा," भागूबाई म्हणाली.

मी आयुष्यात पुष्कळ नकार ऐकले आहेत. माझ्या स्वतःच्या लग्नासाठीच एवढे ऐकले, की त्यांची माळ करून देवाला घातली तर देव वाकावा. पण इतका स्पष्ट नकार मी कधी ऐकला नाही, आणि त्यात नाही हा शब्दच नव्हता. तात्यांना तो ऐकू गेला. त्यांच्या एवढ्या मोठ्या आवाजाला तो इतका बारीक आवाज ऐकू गेला, याचं मला अजून नवल वाटतं. धूर त्यांच्या तोंडावरून गेला आणि डोळ्यांना पाणी आलं. धुरानंच आलं असं मी धरून चालतो.

"घागर खाली ठेवा," ते गवंड्याला म्हणाले.

मग त्यांना पाय भाजल्याचं कळलं. जी धांदल झाली ती काय सांगू! भागूबाईच्या सासूनं पायावर कसला तरी पाला चोळला, आबांनी लोंबणारा चपलेचा तळ वाखाच्या दोरीनं बांधून दिला, आणि नारळ कोणाच्या लक्षात नाही असं बघून गवंड्यांनी फोडून खाल्ला. आमचं भूमिपूजन झालं ते एवढंच.

परत निघालो. आणि या खेपेला तात्यांना पळता येईना. बांधलेली चप्पल ओढत ते फर्लांगभराला अर्धा तास लावत होते. आबांनी मुंडासं बांधलं, काठी घेतली, "पोचवतो" म्हणाले. आणि कोणी नको म्हणायच्या आत सगळी वाडी आमच्या मागे निघाली. वाटेत कोणी चकार शब्द बोलेना. मला वाटलं, चला, आपल्याला कड्यावरून ढकलून देतायत. तेही रीतसर, सगळ्यांना विचारून.

वाडीच्या शिवेवर शेंदूर लावलेले तीन-चार दगड आहेत. तिथे आबा थांबले. तात्यांना दगडांच्या पलीकडे नीट उभं केलं. आपण अलीकडे उभे राहिले. काठी खाली ठेवली, आणि त्या मवाळ म्हाताऱ्याच्या तोंडून जे बाहेर पडलं त्यानं माझी टोपी उडाली.

"तात्या, तुमचं डोकं फिरलंय का?"

तात्यांनी काखेतली छत्री जमिनीवर टेकली.

"राबावर खोली बांधत्यात व्हय? डोळं कुटं गेलतं? एवढा पांढऱ्या केसाचा मानूस तुमी!"

"अहो, पण मी विचारलं तेव्हा..."

"घोंगडीवर बसवून इचारलं! शिवेच्या आत पावना आस्तोय. पावन्याला न्हाई म्हनायचं, ही आमच्यात रीतच न्हाई. म्हनून तर पोचवाया येतो. शिवेवर आलं की पावना संपला, मंग काय ते खरं बोलायचं. तुमी त्या दिशी पळालात! मी वरडत मागं पळतूय, माजं मुंडासं करवंदीत आडकलं, आन तुमी आपलं 'येतो येतो' करून हात हलवताय!"

"मला वाटलं, तुम्ही निरोप देताय!"

"शिव्या देत व्हतो!"

आणि मग बांध फुटला. भागूबाई पुढे आली. त्या दिवशीच्या अंगणातल्या भागूबाईचा आणि या बाईचा काही संबंध नव्हता. "तितं रोप व्हतंय माजं! रोप न्हाई झालं तर पोराला दुसऱ्याच्या गुरांमागं धाडू? आन शिवन शिकवत्यात! आमाला नेसाया एक लुगडं, त्याला शिवायचं काय? जेवनाच्या वक्ताला पोरांस्नी ताटात झबली वाढू का?"

बायका खो खो हसल्या. तात्याही हसले, आधी बिचकून, मग मोकळे. त्यांच्या हसण्यानं समोरच्या डोंगराची एक दरड खाली आली. ती अजून तिथे आहे. कोणीही जाऊन बघावी.

दारोदार फिरून माहिती गोळा करणारी तरुण मंडळी हल्ली माझ्याकडेही येतात. चांगली असतात. ओसरीवर बसतात, बायको चहा करते, आणि ती विचारतात, मास्तर, अमुक झालं तर बरं होईल का? मी म्हणतो, हो, हो, फार छान. मी काही कोळ्यांच्या वाडीतला नव्हे, पण चहाचा कप हातात असलेल्या पोराला नाही कसं म्हणायचं? मग मी चपला घालतो आणि म्हणतो, चला, स्टेशनपर्यंत येतो. बहुतेक जण म्हणतात, कशाला त्रास घेता? जे येऊ देतात, त्यांना लेव्हल क्रॉसिंगच्या फाटकापाशी मी खरं ते सांगतो. एकदा फाटक बंद होतं, मालगाडी लांबलचक होती. त्या दिवशी मी इतकं खरं बोललो, की त्या पोरानं नोकरी बदलली म्हणतात.

पुढचंही सांगून टाकतो. साहेब आले, पाया दिसला नाही, केंद्र खाली सडकेला गेलं. तात्यांना त्याचं वाईट वाटलं, लपवलंही नाही त्यांनी. भागूबाईचं रोप त्या वर्षी तरारून आलं. लावणीच्या दिवसांत तात्या धोतर खोचून तिच्या खाचरात उतरले आणि त्यांनी लावलेली ओळ वाडीनं अदबीनं त्यांच्या पाठीमागे पुन्हा उपटून लावली. बऱ्याच पावसाळ्यांनंतर उंबरमाळाच्या ओढ्यावर एक साकव झाला, बाळंतिणीची डोली पुरातही पलीकडे नेता येईल एवढा. तो कुठे बांधायचा हे ठरवताना वाडीत जी भांडणं झाली, त्यांच्यावर एक वेगळं पुराण होईल. तात्या आता नाहीत. धुराच्या दिवसांत फलाट फार शांत वाटतो.

पण त्या दिवशी शिवेवर यातलं काहीच नव्हतं. राब दूर मागे धुमसत होता, आणि दगडांच्या पलीकडून तात्यांनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "बरं, खोली नको. मग पाहिजे काय?"

एकाच वेळी सगळे बोलू लागले. कोणाला ओढ्यावर साकव हवा होता, कोणाला कौलं. एक म्हातारी म्हणाली, जातं टाकवून द्या, पार गुळगुळीत झालंय. एक गडी म्हणाला, आधी रानाच्या शिपायाला सांगा, फांद्या तोडताना आमच्या कोयत्या नेतोय. दुसरा त्याला म्हणाला, तू गप, तुजी कोयती न्हाईच नेली. भागूबाई म्हणाली, औषदाची पेटी चालंल, पर आठवड्याच्या बाजाराच्या दिशी नको, त्या दिशी कोन घरात नसतंय. आबा म्हणाले, पेटीचं माज्याकडं बोला. तिला राग आला. दोन पोरं दगडावर चढून ओरडू लागली. तात्या प्रत्येकाकडे वळून वळून ऐकत होते, मान हलवत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की भाजलेला पाय दुसऱ्याच कोणाचा असावा.

गलबला आपोआप ओसरला. तात्यांनी छत्री काखेत मारली. खाली वाटेवर साहेबांची जीप धूळ उडवत भुशीकडे येताना दिसत होती.

"साहेब आलेच," तात्या म्हणाले. "ते मला विचारतील, उंबरमाळाला काय हवंय. काय सांगू त्यांना?"

माणसांनी एकमेकांकडे बघितलं. भागूबाईनं डहाळी खांद्यावर टाकली आणि वाडीकडे तोंड वळवलं. तिचा राब एकटा होता.

"सांगा," ती म्हणाली, "आजून ठरलं न्हाई."